औटकीनंतर पुन्हा पावकी

लिहिण्याचे धाडस करते आहे, याबद्दल आधी वाचकांची क्षमा मागते. माझी सारी नोकरी एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात गेली. इतरांनी लिहिलेली पुस्तके जागच्या जागी ठेवणे हे माझे काम होते, आणि ते करता करता एवढे मात्र पक्के कळले होते की जगात लिहिणाऱ्यांची टंचाई नाही. शिवाय माझा विषयही भारदस्त नाही. वडिलांची अंघोळ हा विषय घेऊन साठी उलटलेल्या बाईने कागद पुढे ओढावा, हे माझे मलाच फारसे शोभून दिसत नाही. परंतु कर्वेनगरातल्या आमच्या सोसायटीत आता जवळजवळ प्रत्येक मजल्यावर कोणाच्या ना कोणाच्या घरी सांभाळणारी बाई येते, आणि जिन्यात भेटणारा प्रत्येक जण मला एकच विचारतो, "तुमच्याकडची बाई चांगली आहे का हो?" या प्रश्नाचे उत्तर जिन्यात उभ्याने देता येत नाही. म्हणून बसून देते.

माझे वडील खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात तपासनीस होते. तेथे दाराशीच काडेपेटी काढून ठेवावी लागे, आणि बुटाच्या टाचेत ठिणगी पाडणारा लोखंडी खिळा असला तर माणूस बुटासह परत पाठवला जाई. तो खिळा शोधणे हे वडिलांचे काम. निवृत्तीला कितीतरी वर्षे लोटली, तरी घरी आलेल्या पाहुण्याच्या चेहऱ्याकडे पाहण्याआधी ते त्याच्या पायांकडे पाहतात. धाकट्या भावाच्या लग्नाच्या बैठकीत त्यांनी मुलीच्या वडिलांच्या चपलांविषयी सविस्तर मत दिले होते. ते लग्न तरीही झाले, हा त्या मंडळींचा मोठेपणा.

सुरक्षिततेविषयी त्यांचे एक ठरलेले वाक्य आहे. "अपघात झालेला नाही, याचा अर्थ व्यवस्था चांगली आहे असा होत नाही. वेळ चांगली आहे, एवढाच होतो."

त्यांची स्वतःची चांगली वेळ एका सकाळी संपली. अंघोळीला गेले असताना पाय घसरला आणि ते दाराला टेकून खाली बसले. दाराला आतून कडी, आणि दार आत उघडणारे. सोसायटीच्या सुताराने कडी उखडली, तरी दार हलेना, कारण दारामागे वडील होते.

"आजोबा, थोडं सरकता का?" सुतार बाहेरून म्हणाला.

"सरकता आले असते तर आपल्याला तसदी दिली असती का?" आतून उत्तर आले.

अखेर दाराचा खालचा भाग करवतीने कापून त्यांना बाहेर काढले. मनगट मोडले होते. खुबा वाचला होता. रुग्णालयात नेताना ते सुताराला एवढेच म्हणाले, की कापलेली कड ओबडधोबड आहे, कोणाच्या तरी पायाला लागेल.

भाऊ खराडीहून तडक आला. तो तिथे संगणकाच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे आणि ऑफिसजवळच एका उंच इमारतीत राहतो. आल्या आल्या तो म्हणाला, "ताई, आता पुरे झालं. बाबांना मी घेऊन जातो."

"मी सामान नाही," वडील म्हणाले.

"बाबा, तिथे लिफ्ट आहे, सिक्युरिटी आहे, जनरेटर आहे."

"आणि भांडायचे कोणाशी? तुझ्या इमारतीत जो भेटतो तो सॉरी म्हणून निघून जातो."

हे हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. वडिलांचे सारे जगणे या सोसायटीत रुजलेले आहे. सकाळी गॅलरीत बसून दूधवाल्याला उशिराचे कारण विचारणे, दुपारी सूचनाफलकावरच्या सूचनांतील विसंगती सचिवांना कळवणे, संध्याकाळी समोरच्या गृहस्थांशी पार्किंगच्या रेषेवरून वाद घालणे, या गोष्टींवाचून त्यांचा दिवस पुरा होत नाही. समोरच्या गृहस्थांचे कॅम्पात घड्याळदुरुस्तीचे जुने दुकान आहे, दोन्ही कुटुंबे एकमेकांकडे दिवाळीचा फराळ आणि ईदचा शीरखुर्मा नेमाने पोचवतात, आणि तो पोचवून झाला की रेषेचा वाद पुढे सुरू होतो. वडिलांना येथून उचलून वरच्या मजल्यावरच्या काचेच्या घरात ठेवणे म्हणजे काय, हे मला समजत होते. भावाला फक्त करवतीने कापलेले दार दिसत होते, आणि त्याचेही चुकत होते असे मला म्हणवत नाही.

मग तडजोड झाली. भाऊ घरी सेवा देणाऱ्या एका कंपनीतर्फे बाई ठेवणार. काही आठवड्यांनी कंपनीची सुपरवायझर घरी येऊन वडील येथे किती सुरक्षित आहेत याची तपासणी करणार. अहवाल चांगला आला तर वडील कर्वेनगरात राहतील, नाही तर खराडीला जातील. वडिलांनी ही अट जागच्या जागी मान्य केली. तपासणीला नाही म्हणणे त्यांच्या तत्त्वात बसत नव्हते.

कंपनीच्या पहिल्या एक-दोन बायका वडिलांच्या प्रश्नोत्तरांतच गळाल्या. मग ही आली. शहराने पोटात घेतलेल्या एका गावची. स्वतःच्या स्कूटरवरून येणारी. गळ्यात ठसठशीत सोने. सासरच्या शेतावर आता ज्या इमारती उभ्या आहेत त्यांत तिच्या नावाचे फ्लॅट आहेत, हे तिने पायातल्या चपला काढता काढताच सांगितले.

"मग आपण हे काम कशासाठी करता?" वडिलांनी तिच्या चपलांकडे बघत विचारले.

"घरात दोन सुना हायेत, बाबा. तितं बसून त्यांचं ऐकन्यापरीस हितं तुमचं ऐकलेलं बरं."

वडिलांना असे उत्तर मिळण्याची सवय नव्हती. त्यांनी तिला ठेवून घेतले.

ती काही आदर्श नव्हती. फोनवर बोलताना आवाज इतका मोठा, की तिच्या सुनांचे स्वभाव आमच्या सबंध मजल्याला पाठ झाले होते. दुपारी वडिलांना झोपवायला म्हणून बसायची आणि त्यांच्या आधी घोरू लागायची. स्वतःच्या कामाविषयी तिला जो अभिमान होता तो तिच्या सोन्यापेक्षा वजनदार होता. पण तिचा हात मजबूत होता, आणि वडील डगमगले की तो हात नेमका तेथे असे.

न्हाणीघराला नवे दार बसवायचे होते. वडिलांनी ते बाहेर उघडणारे करून घेतले. सुतार म्हणाला, "बाहेर उघडलं तर वॉशिंग मशीनला धडकेल." वडील म्हणाले, "मशीन हलते. मला हलता आले नव्हते." यंत्र सरकले, दार बसले. उरला कडीचा प्रश्न.

"कडी न्हाई लावायची," बाईने बजावले.

"कडी लावल्याशिवाय मी आयुष्यात अंघोळ केलेली नाही."

"मग मी आत हुबी ऱ्हाते."

वडिलांनी माझ्याकडे पाहिले. मी वर्तमानपत्राकडे पाहिले. बऱ्याच वाटाघाटींनंतर असे ठरले, की कडी नाही, दार नुसते लोटलेले, आत बसायला प्लॅस्टिकची खुर्ची, आणि वडिलांनी अंघोळभर मोठ्याने काहीतरी म्हणत राहायचे. आवाज आहे तोवर कोणी आत डोकावणार नाही. आवाज थांबला की बाई दार उघडणार.

स्तोत्रे म्हणावीत असे मी सुचवले. वडील म्हणाले, स्तोत्र चुकले तर पाप लागते. त्यांनी पाढे निवडले. पण बेचे आणि पंधराचे नव्हेत, तर त्यांच्या शाळेत छडीच्या धाकाने पाठ झालेले अपूर्णांकांचे पाढे. पावकी म्हणजे पावाचा पाढा, निमकी अर्ध्याचा, मग पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, आणि शेवटी साडेतिनाची औटकी. या सातही पाढ्यांत अंघोळ, अंग पुसणे आणि कपडे, सगळे बेताचे बसे. कारखान्याचा भोंगा जसा, तसे आमच्या मजल्यावर हे पाढे झाले. समोरचे गृहस्थ म्हणत, अडीचकी लागली की मी दुकानाला निघतो.

एकदा मात्र औटकीत अकरापाशी वडील अडखळले. क्षणभर शांतता पसरली, आणि बाई दार उघडून आत.

"मी आठवत होतो!" वडील टॉवेल सावरत गरजले.

"आठवायचं तर मोठ्यानं आठवा!"

त्यानंतर वडील विसरले तरी "अकरा औटे, अकरा औटे, अकरा औटे" असे घोकत राहू लागले. व्यवस्था दोघांनाही मान्य होती. रोज सकाळी बाई वडिलांच्या रक्तदाबाच्या आकड्याचा फोटो काढून कंपनीच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकी, खराडीहून भावाचा अंगठा येई, आणि वडील विचारीत, "हा मुलगा रोज अंगठाच का दाखवतो? शिकवले होते आम्ही त्याला."

यथावकाश कंपनीकडून फोन आला. सुपरवायझरबाईंना केव्हा येऊ म्हणून विचारायचे होते.

येथे खरी गंमत आहे. वडिलांनी साऱ्या नोकरीत कधीही सांगून तपासणी केली नाही. सांगून केलेली तपासणी म्हणजे नाटकाची रंगीत तालीम, असे ते म्हणत. साहेब येणार असे कळले की कारखान्यात झाडांच्या बुंध्यांना चुना लागे, आग विझवायच्या बादल्या लाल रंगात चकाकत आणि नेमकी वाळूच भरायची राहून जाई, याच्या कथा आम्ही लहानपणापासून ऐकलेल्या. परंतु घर पुण्यातले. न सांगता कोणी घरी यावे, ही कल्पनाच येथे अशिष्ट मानली जाते. वडिलांनी सुपरवायझरबाईंना दिवस दिला, वेळ दिली, आणि "निघताना एक फोन करा" असेही सांगितले.

आणि मग त्यांनी स्वतःच्या घराला चुना लावायला घेतला.

"वॉकर दिवाणखान्यात दिसता कामा नये," ते म्हणाले. वॉकर धान्याच्या डब्यांमागे गेला. न्हाणीघरातली रबरी चटई मळकी दिसत होती. ती धुऊन गॅलरीत वाळत पडली. भिंतीला बसवलेल्या धरायच्या दांड्यावर मी इस्त्रीचा टॉवेल टाकला, आणि तो इतका छान दिसला की खाली दांडा आहे हे मीच विसरले. बाईने सकाळी उठून लादी अशी पुसली होती की तीत पंखा दिसत होता. सुरक्षिततेची तपासणी होणार म्हणून आम्ही तिघांनी मिळून घरातली सुरक्षितता तेवढी उचलून आत ठेवली. त्या वेळी हे एकाच्याही लक्षात आले नाही. किंवा लक्षात आले असेल, पण खराडीच्या धास्तीपुढे बोलायला कोणी तयार नव्हते.

सुपरवायझरबाई तरुण होत्या, हसऱ्या होत्या, हातात टॅब होता. वडील उठून उभे राहिले. पाहुणा आला की उभे राहायचे, हे त्यांच्या हाडात आहे. मात्र त्या दिवशी ते खुर्चीच्या पाठीला, मग टेबलाला, मग माझ्या खांद्याला असे करत चालले आणि कोणालाही ते आधार घेत आहेत असे वाटले नाही. आम्ही दोघे पाहुणीला दिवाणखाना दाखवायला निघालो आहोत, असे काहीसे ते दृश्य होते.

"काका, तुमचा बॅलन्स एकदम सुपर्ब आहे!"

"आपली कृपा."

"अंघोळ स्वतः करता?"

"सात पाढ्यांत."

त्यांनी ते टॅबवर कसे नोंदवले असेल कोण जाणे. मग त्या बाईकडे वळल्या. आपले काम किती उत्तम चालले आहे हे सांगायची संधी बाईने वाया घालवली नाही. "मी आले तवा बाबा भिताडाला धरून चालत हुते. आता बघा! कायबी करावं लागत न्हाई. मी निस्ती बसून असते."

सुपरवायझरबाईंनी भिंती पाहिल्या, लादीचे कौतुक केले, टॉवेलला दाद दिली आणि चहाही घेतला. जाताना वडील त्यांना दारापर्यंत सोडायला गेले. दार लागल्यावर मात्र ते बुटांच्या स्टुलावर असे बसले, की उठवायला बाईला आणि मला दोघींना लागावे लागले. तरीही चेहऱ्यावर विजय होता.

अहवाल आला. वडिलांना पैकीच्या पैकी गुण होते. घर सुरक्षित, रुग्ण स्वावलंबी. आणि खाली कंपनीची शिफारस होती: या घरी आता पूर्ण वेळ मदतनिसाची आवश्यकता नाही, सदर मदतनिसाला अधिक गरज असलेल्या रुग्णाकडे पाठवण्यात येत आहे. भावाने गटावर अंगठा दाखवला. मग आणखी एक दाखवला.

"मीच म्हनले ना, निस्ती बसून असते म्हनून," बाई स्कूटरची किल्ली शोधत म्हणाली. "माझ्या जिभेला काय हाड हाय का?"

"आपण खोटे काही बोलला नाहीत," वडील म्हणाले. "दुपारी आपण बसूनही नसता. झोपलेल्या असता."

तिने त्यांना नमस्कार केला आणि गेली. वडिलांनी त्या दिवशी दूधवाल्याला उशिराचे कारणसुद्धा विचारले नाही. घर राहिले होते आणि घरात राहणे जिच्यामुळे जमत होते ती गेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी वडील अंघोळीला गेले. दार लोटले. पावकी सुरू झाली. मी बाहेर खुर्ची टाकून चहा घेत बसले, कारण पद्धत ठरलेली होती आणि आवाज स्वच्छ येत होता. निमकी झाली, पाऊणकी झाली. अडीचकीला समोरचे गृहस्थ किल्ल्या वाजवत बाहेर पडले आणि सवयीने मला मान लववून जिन्याकडे वळले. औटकी लागली. वडील त्या दिवशी अकरापाशी अडखळलेसुद्धा नाहीत. मला बरे वाटले. औटकी संपली.

आणि पुन्हा पावकी सुरू झाली.

माझ्या हातातला कप हातातच राहिला. पावकी दुसऱ्यांदा म्हणायची वेळ आमच्याकडे कधी आली नव्हती. मी दारापाशी गेले. आवाज तोच होता, लय तीच होती, फक्त पाण्याचा आवाज केव्हाच थांबला होता.

"बाबा?"

पावकी एक घर पुढे गेली.

"बाबा, झाली ना अंघोळ?"

"झाली."

"मग?"

आत खुर्ची एकदा करकरली. मग अगदी कारखान्यातल्या अहवालाच्या सुरात उत्तर आले, "खुर्चीतून उठता येत नाही. मघापासून येत नाही."

"मग हाक का नाही मारली?"

"आवाज थांबवायचा नाही, असे ठरले होते."

मी दार उघडले. सुदैवाने ते बाहेर उघडत होते. वडील टॉवेल गुंडाळून त्या पांढऱ्या खुर्चीत ताठ बसलेले, गारठलेले, आणि खालची चटई गॅलरीतच राहिलेली. मी एका बाजूने धरून पाहिले; माझ्या कमरेने तत्काळ नकार दिला. मी जिन्यात धावले आणि समोरच्या गृहस्थांना हाक मारली. ते अजून खाली पार्किंगमध्येच कोणाशी तरी बोलत उभे होते. जिने चढून आले, बूट दाराशी काढले, बाह्या सारल्या.

"आज रेषेविषयी बोलायचे नाही," वडील त्यांना म्हणाले.

"रेषा कुठे जात नाही. आपण डावा हात माझ्या गळ्यात टाका."

वडिलांना गरम दूध देऊन पांघरुणात बसवले. बराच वेळ ते आपल्या पायांकडेच बघत होते, जसे पाहुण्यांच्या पायांकडे बघतात तसे. मग म्हणाले, "झाडांना चुना लावला आपण."

"हो, बाबा."

"भावाला फोन लाव. सुपरवायझरबाईंनाही. तपासणी पुन्हा करायची. आणि या वेळी येण्याआधी फोन करू नका म्हणावे."

खराडीला जायचे की नाही हे ज्या कागदावर ठरणार होते, तो पैकीच्या पैकी गुणांचा कागद वडील स्वतः परत करत होते. मी तसे त्यांना म्हटले. ते म्हणाले, "नापास माल पास केला, तर तो कोणाच्या तरी हातात फुटतो."

सुपरवायझरबाई न सांगता आल्या, त्याच वेळी भाऊही आला. दिवाणखान्याच्या मधोमध वॉकर उभा होता. दांड्यावरचा टॉवेल काढलेला होता. वडिलांनी एका जागेवरून दुसऱ्या जागी जाताना कशाकशाला हात लागतो, हे खुर्ची, टेबल, खांदा असे नावानिशी सांगितले. खुर्चीतून उठून दाखवताना त्यांना दोनदा बसावे लागले, तेही त्यांनी लपवले नाही. सुपरवायझरबाई कानकोंड्या झाल्या.

"काका, मागच्या वेळी मी नीट चेक करायला हवं होतं."

"आपला दोष नाही. आम्ही तयारी उत्तम केली होती. यापुढे फक्त एक करा. घर चकचकीत दिसले की आधी धान्याच्या डब्यांमागे बघा."

गुण अर्थातच कोसळले. भावाने टॅबवर नजर टाकली आणि हळूच म्हणाला, "बाबा, ठरलं होतं. आता खराडी."

"ठरले होते," वडील म्हणाले. "मी तयार आहे. त्या जागेची तपासणी झाली आहे का?"

भाऊ हसला. "बाबा, नवीन बिल्डिंग आहे ती."

"कारखानाही एके काळी नवीनच होता."

पुढच्याच रविवारी आम्ही खराडीला गेलो. वडिलांनी घर मान्य केले: उजेड भरपूर, हवा चांगली, नातवंडांचा फोटो सरळ लावलेला. लादी संगमरवरी होती, आमच्या पुसलेल्या लादीहून चकचकीत. तिच्याकडे त्यांनी नुसते बोट दाखवले. मग न्हाणीघर. जाड, जड, सुबक दार; आत उघडणारे. वडिलांनी ते एकदा आत ढकलून पाहिले. त्यांनी भावाला आत जाऊन दार लावून घ्यायला सांगितले.

"आणि काय करू?"

"पाढे म्हण. मोठ्याने. कुठलेही."

भाऊ आत गेला. खटका बसला. आम्ही दिवाणखान्यात उभे. भावजय, मी आणि वडील. एसी चालू होता, काचेच्या खिडक्यांबाहेर शहर मुक्याने हलत होते. आम्ही वाट पाहिली. भावजय कुजबुजली, "म्हणतायत का हो?" मी मान हलवली, ठाऊक नाही. वडील दाराजवळ गेले, कान लावला, आणि मागे आले.

दार उघडले. भाऊ बाहेर आला, किंचित लाजलेला. "बेचा म्हटला, सातचा म्हटला, तेराच्यात अडकलो. पण आवाज चांगला लावला होता. ऐकू आला ना?"

भावाने आधी भावजयीकडे, मग माझ्याकडे, मग वडिलांकडे पाहिले. मग त्या दाराकडे पाहिले, आणि त्याचा चेहरा बदलत गेलेला मी पाहिला.

"काहीच नाही?" त्याने विचारले.

"तू पाढे म्हटलेस, यावर माझा विश्वास आहे," वडील म्हणाले.

परतीच्या वाटेवर गाडी भावानेच चालवली. खडकीच्या बाजूला जायचे नसतानाही त्याने गाडी तिकडून घेतली आणि वडिलांना कारखान्याची लांब भिंत दिसली. तिच्यापाशी तो म्हणाला, "बाबा, बाई उद्यापासून परत येईल. मी कंपनीशी बोललो आहे. दुपारी झोपली तरी चालेल, म्हटलं."

"चालणार नाही. पण येऊ दे."

"आणि ते दार मी फिरवून घेतोय. बाहेर उघडणारं."

"घे," वडील म्हणाले. "फिरवलेस की पुन्हा तपासायला येऊ."

बाई आली. तिच्या सुनांच्या स्वभावातील ताजी भर आम्हाला त्याच दिवशी कळली. पद्धतीत एक दुरुस्ती झाली: औटकी संपून पावकी पुन्हा लागली, तर आत जायचे. वॉकर दिवाणखान्यात असतो. त्यावर समोरच्या गृहस्थांनी, वडिलांच्या संमतीशिवाय, एक छोटे घड्याळ बांधून दिले आहे, आणि ते पुढे धावते यावरून नवा वाद सुरू आहे. वडील कर्वेनगरातच आहेत. खराडीचे दार अजून फिरलेले नाही. ते एके दिवशी फिरेल, हे मलाही माहीत आहे आणि त्यांनाही.

म्हणून जिन्यात मला बाईविषयी विचारणाऱ्यांना मी आता उत्तर देत नाही, उलट विचारते. तेच तुम्हालाही विचारते: तुमच्या न्हाणीघरातून कोणी हाक मारली, तर ती कोणाला ऐकू जाते?